बरा दिसतो म्हणून

क्लोझापिन नावाच्या गोळीचा एक कडक नियम आहे. ४८ तासांहून जास्त खंड पडला, तर जिथं सुटली तिथून ती पुन्हा सुरू करता येत नाही. रोज तीनशे मिलिग्रॅम पचवणाऱ्या माणसालाही परत साडेबारापासून, म्हणजे पंचविसाच्या गोळीच्या अर्ध्या तुकड्यापासून, सुरुवात करावी लागते. मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असते. एकदम जुना डोस दिला तर रक्तदाब कोसळतो, माणूस उभ्या उभ्या पडतो, फिट येऊ शकते. डोस चढवत पूर्वपदावर आणायला आठवडे जातात आणि तेवढे दिवस आजार काही वाट बघत बसत नाही.

हा नियम मला पाठ झाला तो थोरल्या भावामुळे. अण्णाला बाविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. देवदेवस्की झाली, शॉक झाले, चार-पाच तऱ्हेची औषधं झाली. शेवटी ही लागू पडली. आता पंचेचाळिशी ओलांडलेला अण्णा तालुक्याच्या गावी आईबरोबर राहतो. पाणी भरतो, दूध आणतो, आईला पेपर मोठ्यानं वाचून दाखवतो. आवाज अजून येतात म्हणतो, पण त्यांचं ऐकावं लागत नाही. ज्यांनी आमचं घर आधी पाहिलंय त्यांना यातलं प्रत्येक वाक्य केवढं मोठं आहे ते कळेल. बाकीच्यांना तो सरळ, थोडा अबोल गृहस्थ वाटतो. त्याचं नुकसान झालं ते नेमकं यानंच.

ही गोळी साधी नाही. १९७५ साली फिनलंडमध्ये तिच्यामुळे रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटून काही रुग्ण दगावले आणि बऱ्याच देशांनी तिला बाजूला केलं. पण दुसऱ्या कुठल्याच औषधाला दाद न देणारे रुग्ण तिला देतात हे पुढं सिद्ध झालं, आणि १९८९ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली ती एका अटीवर: रक्त तपासत राहायचं. सुरुवातीला दर आठवड्याला, मग हळूहळू महिन्यावर. त्यामुळं या औषधाची खरी किंमत पाकिटावर छापलेली नसते. गोळ्या, रक्ततपासणी, सोबतच्या दोन गोळ्या आणि तालुक्यात मनोविकारतज्ज्ञ नसल्यानं जिल्ह्याच्या गावी जायचं भाडं, असं सगळं धरून आमचा महिना चौदाशेच्या खाली कधी आला नाही. त्यात अण्णाला मिळत होते दीड हजार.

आमच्याकडे त्याला सगळे ‘संजय गांधीचा पगार’ म्हणतात. १९८० साली सुरू झालेली ही निराधार अनुदान योजना. कितीतरी वर्षं तिच्यात दरमहा सहाशे रुपये मिळत, मग हजार झाले, २०२३ साली दीड हजार. केंद्राचीही अपंगांसाठी एक पेन्शन आहे. तिला दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब लागतं, अपंगत्व ८० टक्के लागतं, आणि एवढं सगळं असलं की केंद्राकडून महिन्याला मिळतात तीनशे रुपये. २०१२ सालापासून तेवढेच. त्यावर मी काही बोलत नाही.

दीड हजार म्हणजे काही घर चालत नाही. पण ते पैसे अण्णाचे होते. पासबुक घेऊन तो स्वतः बँकेत जायचा, एन्ट्री मारून आणायचा, तसाच औषधाच्या दुकानात जाऊन गोळ्या घ्यायचा आणि बिल आईच्या हातात द्यायचा. दुकानदार त्याला ‘साहेब’ म्हणायचा. बाविसाव्या वर्षापासून कमाई नसलेल्या माणसानं महिन्यातून एक दिवस घरात काहीतरी आणून देणं याला सरकारी कागदात रकाना नाही. मानसोपचाराच्या पुस्तकात असावा.

त्याचा दाखला तात्पुरता होता. मानसिक आजाराचे दाखले बहुधा तसेच असतात. पाच वर्षांनी फेरतपासणी. तारीख आली तेव्हा मी मुद्दाम गावी गेले. सकाळी आईनं अण्णाला गरम पाणी काढून दिलं, दाढी करायला लावली आणि माझ्या लग्नातला सदरा इस्त्री करून दिला. “माणसांत जायचंय,” म्हणाली. गेली वीस-पंचवीस वर्षं ती याचसाठी झटली होती, की तो माणसांत जाण्यासारखा व्हावा.

मानसिक आजाराचं अपंगत्व मोजायला एक ठरलेली पट्टी आहे. स्वतःची निगा, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, या चार बाबींना शून्य ते चार गुण. आजार किती वर्षांचा आहे त्याचे वेगळे. बेरजेवरून टक्केवारी. पट्टी वाईट नाही, भल्या लोकांनी विचार करून बनवलेली आहे. तपासणारे डॉक्टरही भले होते. बाहेर व्हरांडाभर माणसं बसलेली असताना त्यांनी अण्णाला बसायला सांगितलं, अरेतुरे केलं नाही.

“आंघोळ स्वतः करता?”

“हो. दोन वेळा.”

“बाजारात जाता?”

“दूध आणतो. सुट्टे मोजून घेतो.”

“घरात कुणाशी भांडण, आदळआपट?”

“नाही. आई म्हातारी आहे.”

“कामधंदा?”

“एका दुकानात ठेवलं होतं. माणसं फार बोलतात. नाही जमलं.”

प्रत्येक उत्तर खरं होतं. आई शेजारी बसून मान हलवत होती, पोरगा शहाण्यासारखा बोलतोय याचा आनंद तिच्या तोंडावर दिसत होता. आणि मला एकेक गुण खाली जाताना दिसत होता. मी मधे बोलले, की डॉक्टर, हे सगळं गोळ्यांवर आहे. “हो, ते तर आहेच,” ते म्हणाले. “औषध छान लागू पडलंय.” आणि त्यांनी लिहिलं.

४० टक्क्यांच्या खाली. दिव्यांगांचं जे ओळखपत्र मिळतं त्यावर रंगीत पट्टा असतो. चाळीसच्या वर पिवळा, ऐंशीच्या वर निळा. अण्णाचा पिवळा गेला आणि पांढरा आला. पुढं एका महिन्यात पासबुकात एन्ट्री पडली नाही, त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. तहसीलमधल्या कारकुनानं सांगितलं, “ताई, चाळीसच्या खाली सिस्टीमच घेत नाही.” कळवलं कुणीच नव्हतं. थोड्याच दिवसांत सरकारनं दिव्यांगांचं अनुदान अडीच हजार केलं, ऑक्टोबर २०२५ पासून. अण्णानं ती बातमी आईला मोठ्यानं वाचून दाखवली.

डॉक्टरांनी जे पाहिलं तेच लिहिलं. त्यांनी पाहिला तो तीनशे मिलिग्रॅमवरचा अण्णा. औषधाशिवायचा त्यांना कुणी दाखवला नव्हता आणि कागदावर त्याला जागाही नव्हती. फॉर्ममध्ये ‘सध्याचे उपचार’ असतात, ‘उपचार थांबले तर’ नसतं. आणि अनुदान थांबलं की उपचार थांबायचीच वेळ येते. म्हणजे औषध काम करतंय म्हणून औषधाचे पैसे बंद. हे मी कितीदा मनात फिरवून पाहिलं. प्रत्येक टप्प्यावरचा माणूस नियमानं वागलेला आहे आणि शेवटी जे निघतं ते मात्र वेडेपणाचं आहे. अण्णाला हे सांगितलं तर तो हसेल. आजारात त्याला सुचलेल्या गोष्टींमध्येसुद्धा याहून जास्त संगती होती.

कुणी म्हणेल, दृष्टीचं अपंगत्वही चष्मा लावूनच मोजतात. खरं आहे. पण पाय कापलेल्या माणसाचं तसं नसतं. त्याची टक्केवारी पाय कुठून कापला त्यावर ठरते. जयपूर फूट लावून तो उद्या रायगड चढला तरी दाखला कमी होत नाही, आणि होऊ नये. कमी ऐकू येणाऱ्याची चाचणीही कानातलं यंत्र काढूनच करतात. अण्णाची गोळी हा त्याचा जयपूर फूट आहे. फरक इतकाच, की तो दर महिन्याला नवा विकत घ्यावा लागतो आणि लावलेला कुणाला दिसत नाही.

हे मनोरुग्णांपुरतंच आहे असंही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार एकवीस केले. त्यात पार्किन्सन्स आला, मल्टिपल स्क्लेरोसिस आला, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आले. यातल्या कितीतरी आजारांत माणसाचा दिवस औषधावर उभा असतो. पार्किन्सन्सच्या रुग्णांत ‘गोळी चढली’, ‘गोळी उतरली’ असं बोलतात. लेव्होडोपा चढलेली असते तेव्हा माणूस चालतो, बटणं लावतो. उतरली की त्याच खुर्चीतून उठता येत नाही. आता याला अकरा वाजता तपासायचं की दोन वाजता?

आमच्या व्हरांड्यात या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. फॉर्म भरून देणारा एक जण असतो, असा प्रत्येक सरकारी व्हरांड्यात असतोच. निकाल कळल्यावर तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “मॅडम, आणायच्या आधी चार दिवस गोळ्या बंद करायच्या असतात. सगळे करतात. पुढच्या वेळी तसं करा.” मला राग आला असं लिहिता आलं असतं, पण मला आधी ते पटलं. अगदी क्षणभर मी हिशेबही केला, की चार दिवसांत काय होईल. आई म्हणाली, “चार दिवसांत काय होतं ते यांना काय माहीत? मला माहीत आहे.” आणि अण्णाचा हात धरून चालू लागली. तिला ४८ तासांचा नियम कुणी शिकवलेला नाही. एकदा पावसात गावाचा रस्ता तुटला होता, तेव्हा गोळ्या संपल्या होत्या. तिनं पाहिलेलं आहे.

तरी तो माणूस लबाड नव्हता हे मला नमूद केलं पाहिजे. व्यवस्थेला आजार उघडा दिसायला हवा असेल तर लोक तो उघडा करून दाखवणार. ज्या घरात औषध नीट दिलं जातं, माणसाला स्वच्छ ठेवलं जातं, त्या घराला शिक्षा आणि ज्या घरात हेळसांड आहे त्याला अनुदान, असा अर्थ कुणाच्याही मनात नसताना निघतो.

पैसे बंद झाल्यावर घरात काय होतं ते मला वाटलं होतं त्याहून वेगळं निघालं. अण्णाची गोळी चुकली नाही. मी पैसे पाठवते. माझ्या नोकरीवर ते आज निभतं, आणि ते निभतंय यावर अण्णाचं डोकं शाबूत आहे, ही व्यवस्था मला अजिबात पसंत नाही. पण दिवाळीत गेले तेव्हा औषधांचा डबा आवरताना आईच्या बीपीच्या पाकिटात जरा जास्तच गोळ्या शिल्लक दिसल्या. ती एक दिवसाआड घेत होती. विचारलं तर म्हणाली, “मला काही होत नाही.” औषधाला पैसे कमी पडायला लागले की पहिलं औषध सुटतं ते सांभाळणाऱ्याचं. त्याची कुठं नोंद होत नाही, कारण तो रुग्ण नसतोच. तिचं स्वतःचं ‘श्रावणबाळ’, म्हणजे वृद्धांचं अनुदान, चालू आहे. त्याला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत लागतं. भागून पाहा, महिन्याला साडेसतराशे. त्यात औषधाचे चौदाशे.

आईच्या गोळ्या आता जनऔषधी केंद्रातून येतात, बऱ्याच स्वस्त पडतात. अण्णाची नेमकी तिथं नसते. कॅलेंडरच्या चौकोनात अण्णा बारीक अक्षरात आकडे लिहायला लागलाय. मी पाठवलेले पैसे. “तुझे किती झाले ते माहीत असावं,” म्हणतो. पगार चालू असताना तो असलं काही लिहीत नव्हता.

मग सरकारी दवाखान्यात का नाही? रास्त प्रश्न आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे पडत नाहीत. त्याआधीच, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं कलम १८ मध्ये स्वच्छ लिहिलंय, की अत्यावश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधं ग्रामीण पातळीवरच्या सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वर सगळीकडे, सदैव, मोफत मिळाली पाहिजेत. क्लोझापिन राष्ट्रीय यादीत आहे. आम्ही गेलो. एकदा मिळाली, पंधरा दिवसांची. पुढच्या वेळी “स्टॉक आला की या”. ज्या गोळीला ४८ तासांची मुदत आहे तिच्यासाठी स्टॉक आला की यायचं.

राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथल्या ओपीडीत औषध मिळतं. पण आमच्यापासून जवळातलं जवळ म्हणजे एसटीनं अख्खा दिवस. एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत असते, ती पिवळ्या पट्ट्याबरोबर गेली. आता आईला अर्धं तिकीट आणि अण्णाला पूर्ण. सरकारच्या फुले आरोग्य योजनेचं कार्ड आहे, पण ते भरती झालेल्याला. भरती होऊ नये म्हणून लागणाऱ्या गोळीला नाही.

कायद्याचं वाचत गेलं की माणूस चकित होतो. २०१६ च्याच कायद्याच्या कलम २४ मध्ये दिव्यांगांना उत्पन्नमर्यादेत मोफत औषधं आहेत, पेन्शन आहे, जास्त आधाराची गरज असणाऱ्यांच्या काळजीवाहकांना भत्ताही आहे. शिवाय अशा योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त रक्कम द्यावी असं आहे. २०२५ पर्यंत आमच्या रांगेत सगळ्यांना सारखेच दीड हजार मिळत होते. कलम वाचून दाखवल्यावर कारकून म्हणाला, “आमच्याकडे जीआर लागतो, ताई.”

औषध आणि अनुदान यांची गाठ सोडवायचा विचार जगात कुणी केलेला नाही असं नाही. अमेरिकेत गरीब अपंगांना दरमहा जे पैसे मिळतात त्यांच्या पाठोपाठ बहुतेक राज्यांत मेडिकेड हा सरकारी विमा येतो. माणूस कमवायला लागला की पैसे बंद, त्याबरोबर विमाही बंद, मग औषध कुठून आणायचं? म्हणून लोक नोकरी धरायलाच भीत. १९८० साली तिथं कायद्यात एक कलम घातलं, १९८६ मध्ये ते कायम केलं: कमाईमुळं पैसे थांबले तरी, त्या विम्यावाचून माणसाचं काम चालणार नसेल, तर विमा चालू ठेवता येतो. आजार सुधारला असं ठरवून नाव काढलं तर मात्र तिथंही हाच खड्डा आहे. तेव्हा मी अमेरिकेचं कौतुक सांगत नाहीये. पैसा थांबला म्हणून औषध थांबता कामा नये, एवढं तरी एका कायद्यानं तोंडानं कबूल केलं, हे सांगतेय.

माझं मागणं त्याहून लहान आहे. अनुदान काढायचं तर काढा, वाद घालू. पण ज्याचं सुधारलेपण औषधावर उभं आहे त्याच्या दाखल्यावर ‘औषधोपचार चालू असताना’ एवढे तीन शब्द लिहा, औषध सुटल्यावर पूर्वी काय झालं होतं ते विचारा आणि टक्के देताना ते धरा. आणि टक्के काहीही आले तरी ती गोळी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात महिन्याच्या महिन्याला मिळू द्या. कायद्यात आहेच.

अण्णाचं अपील आम्ही केलंय. त्याचा निकाल यायचाय. दरम्यान, तुमच्या घरात किंवा आळीत कुणाचा तात्पुरता दाखला असेल तर त्यावरची तारीख आज बघून ठेवा. पहिल्या आजारपणाचे कागद, भरती झाल्याचे डिस्चार्ज कार्ड, औषध सुटल्यावर झालेल्या त्रासाच्या चिठ्ठ्या जुन्या झाल्या म्हणून रद्दीत घालू नका. बोर्डापुढे जाताना त्या बरोबर न्या आणि न विचारता टेबलावर ठेवा. निकाल पटला नाही तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं, फक्त मुदत विचारून घ्या. आणि कुणी कितीही आपुलकीनं सांगितलं तरी गोळ्या बंद करून कुणाला तिथं नेऊ नका.